नाटकाच्या जुन्या पोस्टकार्डांवरची ती काळी ओळ

इंग्लंड-अमेरिकेतल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या विनोदी नाटकांची रंगीत पोस्टकार्डं ऑनलाइन लिलावात दिसतात ना, त्यात सगळे पुढचं चित्रच बघतात. मला विचाराल तर खरा इतिहास त्या चित्राच्या खाली किंवा मागे नंतर छापलेल्या ओळीत आहे, अमुक थिएटर, अमुक वार, अमुक तारीख.

पोस्टकार्ड निघालं ऑस्ट्रिया-हंगेरीत 1869 ला, आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड आलं 1879 ला, तेही लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून. ब्रिटनमध्ये 1894 पासून खासगी छापलेल्या कार्डाला अर्ध्या पेनीचं तिकीट चालायला लागलं. पण तेव्हा एक बाजू नुसत्या पत्त्याला जायची, म्हणून चार ओळी लिहायच्या तर चित्राचीच जागा जायची. 1902 ला पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला चालेल असं ठरलं, अमेरिकेत 1907 ला, आणि अख्खी दुसरी बाजू चित्राला मोकळी झाली. नाटकवाल्यांना हेच पाहिजे होतं.

कारण विनोदी नाटकं फिरायची खूप. 'चार्लीज आंट' 1892 ला लंडनला लागलं आणि तिथेच 1466 प्रयोग झाले, दौऱ्यावरचे वेगळेच. भिंतीवरच्या पोस्टरचं चित्र लहान करून लिथोवर (म्हणजे दगडी छापावर) ढीगभर कार्डं एकदम छापून घ्यायची, थोडी जागा कोरी ठेवायची आणि पुढच्या गावचा प्रयोग ठरला की त्या जागेत काळ्या शाईत थिएटर न तारीख मारायची. असं कार्ड तिरक्या उजेडात धरून बघा, चित्राचा रंग कागदावर सपाट बसलेला असतो आणि तारखेची अक्षरं मात्र छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या दाबाने किंचित आत गेलेली.

आपल्या नाटक मंडळ्याही फिरत्याच. किर्लोस्कर मंडळी नाशकात विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' करत होती तेव्हाच, 21 डिसेंबर 1909 ला, क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी तिथेच कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पण गावात नाटकाची वर्दी द्यायचं काम आपल्याकडे मुख्यतः हँडबिलं करायची, पातळ कागदाची, हातोहात वाटलेली, त्यामुळे टिकली फार कमी. वाईट वाटतं हो. देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या, मूळ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलेलं, गंधर्व मंडळींनी 1916 ला संगीत करून आणलेलं, त्यातला सगळा घोळ अश्विनशेठच्या एका तसबिरीवरून होतो, पोस्टकार्डाला याहून चांगला विषय कुठला!

जुन्या हँडबिलावर बऱ्याचदा वार न तारीख असते, साल नसतं. कॅलेंडरशी जुळवलं तर साल काढता येतं, 21 डिसेंबरला मंगळवार 1909 ला होता, 1910 ला नाही. तीच जोडी पाच-सहा, कधी अकरा वर्षांनी परत येते, म्हणून कंपनी आणि नटांची नावंही ताडून बघायची. नाशकातल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या ट्रंकेत असा एखादा कागद निघाला तर कृपा करून लॅमिनेट करू नका, साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूचा तर नक्कीच.