पाच अंशांत बदलणारी बिअर

घरी बिअर करायला शिकणाऱ्याने मोठ्या भांड्यांआधी एक चांगला थर्मामीटर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पाणी, माल्ट, हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) आणि साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट तेच ठेवूनही केवळ तापमानामुळे दोन वेगळ्या बिअर तयार होऊ शकतात.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. दाण्यातल्या स्टार्चची साखर करून कोंबाला पोसायचं काम अमायलेज या विकरांचं (एन्झाइम्सचं). भरडलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवलं की तीच विकरं आपल्या कामी येतात. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज साखर सुटी करतं; ते ६० ते ६५ अंश सेल्सिअसला जोमात असतं, त्यापुढे लवकर निकामी होतं. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडतं आणि ७० अंशांच्या आसपासही तग धरतं. म्हणून ६३ अंशांवर यीस्टला पचणारी साखर जास्त मिळते आणि बिअर हलकी, कमी गोड होते. ६८ अंशांवर यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्स, म्हणजे स्टार्चच्या साखळीचे मोठे तुकडे, जास्त उरतात, बिअर दाट लागते. अवघ्या पाच अंशांचा हा खेळ मला या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतो.

पुढे हा गोड अर्क हॉप्स घालून साधारण तासभर उकळतात. उकळताना हॉप्समधल्या आम्लांची रचना बदलते आणि कडवटपणा अर्कात उतरतो. मग अर्क झटपट थंड करायचा आणि यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी.

आता यीस्टची पाळी. १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, म्हणून आज हवा तो वाण निवडता येतो. एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार; एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत, लागरचं ८ ते १३ अंशांत चांगलं काम करतं. त्याहून गरम झालं तर जळजळीत चवीची जड अल्कोहोलं वाढतात. आंबताना उष्णताही निघते, त्यामुळे भांड्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असतं. मोजायचं ते भांड्याचं.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं समजू नये. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर काही दिवसांच्या अंतराने तोच आकडा दाखवेल तेव्हाच बाटल्या भराव्यात. घनता १.०५० वरून १.०१० वर आली असेल तर अल्कोहोल सुमारे ५ टक्के असतं. फेसासाठी लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर पुरते. आधीची साखर शिल्लक असताना बाटली बंद केली, तर कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने काच फुटू शकते.