रिसेप्टर खिळ्याने ठोकलेले नसतात

चेतापेशींच्या जोडावर, म्हणजे सिनॅप्सवर, रिसेप्टर (रासायनिक संदेश पकडणारी प्रथिनं) भिंतीतल्या सॉकेटसारखे कायमचे बसवलेले असतात, असं पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांमुळे वाटत आलंय. आकृती सुबक आहे, पण चूक.

2003 साली पॅरिसमध्ये माक्सिम दाहां, आंत्वान त्रिये आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या पेशींवरच्या ग्लायसिन रिसेप्टरला, म्हणजे ग्लायसिन हे संदेशवाहक रसायन पकडणाऱ्या रिसेप्टरला, क्वांटम डॉट (प्रकाश टाकला की चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक) चिकटवले. डॉट चमकतो, मधेच विझतो, पुन्हा चमकतो; या लुकलुकण्यावरूनच तो एकटा आहे हे कळतं. सूक्ष्मदर्शकात त्याचा ठिपका दोन-अडीचशे नॅनोमीटर पसरलेला दिसतो, पण ठिपक्याचा मध्य गणिताने 5 ते 10 नॅनोमीटरइतका नेमका काढता येतो. आणि हा मध्य चक्क फिरत होता! पेशीच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, भटकायचा, सिनॅप्समध्ये शिरायचा, तिथे घुटमळायचा, मग बाहेर सटकायचा.

आता उलट टोकाचा समज: रिसेप्टर सतत सैरावैरा पळतात. तसंही नाही. सिनॅप्सची, म्हणजे दोन चेतापेशींमधली, फट जेमतेम 20 नॅनोमीटरची. जाडजूड डॉट लावलेला रिसेप्टर आत शिरणार कसा? मग बाहेरचे भटकेच जास्त दिसणार. पुढे लहान डॉट वापरले, तेव्हा बरेचसे एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन पकडणारे) सिनॅप्समध्येच, टीचभर जागेत अडकलेले आढळले.