गोलमुंडी काठी म्हणजे रणांगणावरचा सोटा नव्हे

दक्षिण आफ्रिकेतील जुन्या कोरीव काठ्यांच्या बाजारात एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: गोल मुंडी असलेली प्रत्येक काठी ही १८७९च्या इंग्रज-झुलू युद्धातील सोटा आणि माणसाची आकृती कोरलेली प्रत्येक काठी ही झुलू सरदाराचा राजदंड. हे खरे नाही.

दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोक ज्याला ‘इविसा’ म्हणतात तो सोटा लढाईत वापरला जात असे, हे खरे. पण युद्धातील मुख्य शस्त्रे भाला आणि ढाल ही होती, आणि गोलमुंडी काठी गुरे राखणाऱ्या माणसाच्या हातात रोजच असे. मुंडी व दांडा एकाच लाकडातून कोरलेले असतात. धरून धरून दांड्याला आलेली गुळगुळीत झिलई रोजच्या वापराचीच खूण असू शकते. तिच्यावरून लढाई सिद्ध होत नाही.

आकृती कोरलेल्या काठ्यांची गोष्ट याहून रंजक आहे. त्यांतील पुष्कळ काठ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्सोंगा या झुलूंहून वेगळ्या समाजातील कारागिरांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या ब्रिटिश वसाहतीत कोरल्या आणि गोऱ्या सैनिकांनी व वसाहतवाल्यांनी त्या आठवण म्हणून विकत घेतल्या, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आकृतीच्या डोक्यावरचे कडे पाहून विक्रेते ‘सरदार’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात तसे कडे प्रौढ, विवाहित झुलू पुरुषांच्या डोक्यावर सर्रास असे. विक्रीसाठी घडवली म्हणून अशी काठी हलकी ठरत नाही, मात्र तिचे श्रेय त्सोंगा हातांनाच मिळायला हवे.