एमए की एमबी? बाईकच्या क्लच-गिअरला नेमकं कोणतं ऑइल

ऑटो पार्टच्या दुकानात दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीवर ४टी (म्हणजे फोर स्ट्रोक) लिहिलेलं, दोन्हीवर १०डब्ल्यू-३० हा घट्टपणाचा आकडा, कंपनी तीच, भावातही फार फरक नाही. फरक असतो तो मागच्या बाजूच्या एका बारीक चौकोनात, तिथे जासो हे जपानी स्टँडर्डचं नाव लिहिलेलं असतं आणि सोबत एकीवर एमए किंवा एमए२ आणि दुसरीवर एमबी. आपल्याकडे लोक आधी भाव विचारतात, मग घट्ट आहे का पातळ ते विचारतात, आणि तो चौकोन कोणी बघतच नाही. गिअरवाल्या बाईकसाठी ऑइल घेताना सगळ्यात आधी तोच बघायचा असतो, आणि का ते सांगतो.

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि मॅन्युअल कारचा क्लच कोरडा असतो, त्याला ऑइल लागतच नाही. आपल्या स्प्लेंडर, पल्सर, अपाचे या गाड्यांचं तसं नाही. यांच्यात एकच ऑइल खाली चेंबरमध्ये असतं आणि तेच पिस्टनला जातं, तेच गिअरच्या दात्यांवर पडतं आणि तेच क्लच प्लेटवरूनही फिरतं. म्हणजे बाईकला "ट्रान्समिशन ऑइल कोणतं घालू" असं कोणी विचारलं तर उत्तर इंजिन ऑइलच, वेगळी बाटली नाही. पण त्याच ऑइलकडून दोन उलटी कामं करून घ्यायची असतात, पिस्टन आणि गिअर सुळसुळीत चालले पाहिजेत आणि क्लच प्लेट मात्र एकमेकींना घट्ट धरून राहिल्या पाहिजेत. ओल्या हाताने बरणीचं झाकण उघडायला जावं तसं होतं, हाताला साधं पाणी असलं तर थोडा जोर लावून उघडतं, पण साबण लागलेला असला की कितीही जोर लावा, हात नुसता फिरतो.

हा साबण म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर. घर्षण कमी करून ॲव्हरेज वाढावं म्हणून ऑइलमध्ये हे केमिकल घालतात, काहींमध्ये मॉलिब्डेनमवालं असतं. एमबी म्हणजे असं कमी घर्षणाचं ऑइल. ते खराब नाही, उलट स्कूटरला एकदम बरोबर आहे, कारण ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला बेल्ट असतो आणि क्लच मागे कोरडा असतो, इंजिन ऑइल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग जेवढं सुळसुळीत तेवढं चांगलं.

एमए म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतानाही प्लेटला पकड मिळेल असं ऑइल. जासो ही जपानची वाहनांची स्टँडर्ड ठरवणारी संस्था, तिने टी९०३ नावाचं हे स्टँडर्ड १९९८ मध्ये आणलं, कारण कारची ऑइलं दिवसेंदिवस जास्त सुळसुळीत व्हायला लागली होती आणि तीच बाईकमध्ये घातली की क्लच स्लिप व्हायचे, म्हणजे प्लेट एकमेकींवर घसरायच्या. टेस्टमध्ये खऱ्या क्लच प्लेट त्या ऑइलमध्ये फिरवून बघतात, चालू असताना पकड किती, थांबलेल्या प्लेट सुटायला किती जोर लागतो, आणि फिरणारी प्लेट किती वेळात थांबते. त्यात वरच्या पट्ट्यात आलं ते एमए, खालच्या पट्ट्यात एमबी. नंतर एमएचेच दोन भाग केले, त्यातला जास्त पकडीचा एमए२ आणि कमीचा एमए१. म्हणून जोरदार पिकअपची बाईक असेल किंवा कायम डबल सीट, लोड घेऊन चालवत असाल तर एमए२ बघून घ्यायचं.

आता आपल्याकडचा खरा घोळ. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, चोपड्याकडे, शिरपूरकडे बाईक ही निम्मी मालगाडीच असते, मागे खताची गोणी, दुधाच्या कॅन, नाहीतर पंपाची मोटर, आणि वरून मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ४४-४५ डिग्री ऊन. अशी गाडी कन्नड घाट चढताना रेस वाढते आणि स्पीड वाढत नाही, मग माणूस गॅरेजवर येतो, "गाडी वढत नही भो." आणि सल्ला काय मिळतो, तर ऊन फार आहे, ऑइल घट्ट घाला. इथेच दोन गोष्टींची सरमिसळ होते. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० हे आकडे फक्त घट्टपणा सांगतात, डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला आणि नंतरचा इंजिन गरम झाल्यावरचा. क्लच धरेल का नाही हे त्या आकड्यांतून कळत नाही. २०डब्ल्यू-५० असूनही त्यात फ्रिक्शन मॉडिफायर असला तर क्लच स्लिप होईल, आणि १०डब्ल्यू-३० एमए२ नीट धरेल. घट्टपणा गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच ठेवायचा. काही पुस्तकांत हवेच्या तापमानाप्रमाणे दुसरा ग्रेडही दिलेला असतो, तर उन्हाळ्यात तेवढंच बदलायचं, आपल्या मनाने नाही.

कारचं उरलेलं ऑइल बाईकमध्ये ओतायचं तर नावच काढू नका, खास करून ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असलं पातळ आणि गोल शिक्क्यात रिसोर्स कन्झर्व्हिंग लिहिलेलं, त्यात घर्षण कमी करायचं केमिकल बहुतेक असतंच. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल गावाकडे सर्रास घालतात, त्याने क्लच लगेच स्लिप होईलच असं नाही, पण डब्यावर जासो एमए नसेल तर ते बाईकच्या क्लचवर तपासलेलं नाही, आणि दोन पैसे वाचवायला हा धोका कशाला घ्यायचा.

अजून एक विचारतात, "गिअर अडकतात, मग ९० नंबरचं गिअर ऑइल घालू का?" नाही. पहिलं म्हणजे ९० हा आकडा ५० च्या जवळजवळ दुप्पट दिसतो पण ती मोजपट्टीच वेगळी आहे, ९० नंबरचं गिअर ऑइल गरम असताना साधारण इंजिनच्या ४० ते ५० इतकंच घट्ट असतं. दुसरं म्हणजे त्यातली गंधक-फॉस्फरसची केमिकल गिअरच्या दात्यांसाठी असतात, पिस्टनच्या उष्णतेसाठी आणि काजळीसाठी नाही, आणि क्लचसाठी तर नाहीच. जुन्या कास्ट आयर्न बुलेटची गोष्ट वेगळी, तिचा गिअरबॉक्स इंजिनपासून अलग आणि क्लच त्या गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये नसतोच, म्हणून तिथे चालतं. यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी मात्र लक्ष द्या, तुमचं २टी (टू स्ट्रोकचं) ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरबॉक्समध्ये वेगळं ऑइल असतं, पण क्लच त्यातच बुडालेला असतो, म्हणजे तिथेही एमएच बघायचं. स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलची अजून एक छोटी जागा असते, तिची बाटलीच जेमतेम शंभर-सव्वाशे मिलीची येते, तो विषय इंजिन ऑइलपेक्षा वेगळा.

दुकानात एकच बाटली शिल्लक असेल तर? घट्टपणा जुळत असेल तर एमए स्कूटरमध्ये बिनधास्त चालतं, फार तर ॲव्हरेज थोडं कमी. उलटं, म्हणजे एमबी गिअरवाल्या बाईकमध्ये, करू नका. पण तुमच्या बाईकच्या पुस्तकात कंपनीने स्वतः एमबी लिहिलं असेल तर तेच घालायचं, त्यांनी क्लच त्या हिशोबाने केलेला असतो.

आणि बाईकमध्ये चुकून एमबी गेलंच असेल आणि क्लच स्लिप होत असेल तर लगेच प्लेट बदलू नका. आधी क्लच केबलचा प्ले बघा, लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी ढिल हवी, केबल ताणलेली असली तर चांगल्या ऑइलमध्येही क्लच स्लिप होतो. प्ले बरोबर असेल तर गाडी गरम करून सगळं ऑइल काढा, फिल्टर किंवा जाळी साफ करा, एमए२ भरा आणि थोडे दिवस चालवा. कित्येकदा तेवढ्यावर क्लच परत धरतो. नाही धरला, टॉप गिअरला चढावर रेस नुसती वरच जात राहिली आणि ऑइलला जळका वास येत असला, तर प्लेट गेल्या, मग सेट बदलायचा आणि स्प्रिंगही सोबतच बदलून घ्यायच्या.