शेगडीतला भुसा आणि काडतुसातली दारू

बंदुकीच्या दारूचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळी पूड येते. ठिणगी पडते आणि स्फोट होतो. ठासणीच्या बंदुकीपुरतं हे थोडंफार खरं. पण ही काळी पूड बनते त्या सोरा, गंधक, कोळसा यांतलं आजच्या रायफलच्या काडतुसात काहीच नसतं आणि तिथे खरोखर स्फोट झाला तर रायफल नेमबाजाच्या हातातच फुटेल. ही दारू जळते. फार वेगाने जळते, पण ठरवून दिलेल्या चालीने. ती चाल कशी ठरते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर विज्ञान वाटतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत प्रचंड दारू शिल्लक होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ५०,००० पौंड विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून भाड्याच्या कुरणात रेल्वेचा जुना मालडबा आणून तो भरला आणि जाहिरात दिली: १५० पौंड, ३० डॉलर. म्हणजे पौंडाला २० सेंट. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरणं हा तिथल्या नेमबाजांचा नेहमीचा छंद, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं. पुढे ४८३१ क्रमांकाची दारूही अशीच बाजारात आली. ती होती २० मिलिमीटर तोफेची. मग ती रायफलला कशी चालली?

घटक म्हणून पाहिलं तर दोन्हीकडे मूळ पदार्थ एकच, नायट्रोसेल्युलोज. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तो बनतो. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो, त्यामुळे बंद पुंगळीतही हवेवाचून काही अडत नाही. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला चिकट लगद्याचं रूप देऊन त्यापासून धूर न करणारी दारू बनवली. लगदा असल्यामुळे त्याला हवा तो आकार देता येतो, आणि सगळी किमया त्या आकारात आहे.

दारूचा दाणा पृष्ठभागावरून आत, थराथराने जळतो. म्हणजे एका क्षणी किती वायू तयार होणार, हे त्या क्षणी किती पृष्ठभाग उघडा आहे यावर अवलंबून. भरीव दाणा जळत जातो तसा लहान होतो, पृष्ठभाग घटतो, वायूही घटतो. पण गोळी तर नळीत पुढे पळते आहे. तिच्यामागची जागा वाढते आहे आणि नेमका तेव्हाच वायू कमी पडतो!

आता भुशाची शेगडी आठवा. मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली काढून घ्यायची आणि त्या भोकात जाळ करायचा. भुसा आतून बाहेर जळतो, भोक रुंदावतं, जळणारी भिंत वाढत जाते. दारूच्या नळकांडीसारख्या दाण्यालाही असंच आरपार भोक ठेवतात. बाहेरची त्रिज्या R आणि आतली r असेल, तर x जाडीचा थर जळल्यावर त्या R−x आणि r+x होतात. बेरीज R+r तशीच! म्हणून दोन्ही वक्र पृष्ठभाग मिळून क्षेत्रफळ जवळजवळ कायम राहतं. मोठ्या तोफांच्या दाण्यांना सात भोकं पाडतात, तेव्हा ते वाढतच जातं.

यात आणखी एक पेच आहे. दाब वाढला की ज्वलनाचा वेगही वाढतो, आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. रायफलमध्ये हा दाब वातावरणाच्या ४,००० पटींच्या घरात जातो, तोही साधारण एक सहस्रांश सेकंदात. या चक्राला सुरुवातीलाच लगाम म्हणून दाण्याच्या बाहेरच्या थरात ज्वलन मंदावणारं रसायन मुरवतात.

४८३१ चा दाणा असाच संथ. पुंगळी मोठी आणि गोळी जड असेल तिथे तो उत्तम चालतो. पुंगळी लहान असेल तर पुरेसा दाब तयार होण्याआधीच गोळी नळीबाहेर पडते. उलट, संथ दारूचं माप धरून वेगवान दारू भरली तर नळी फाटू शकते. आणि नाव सारखं म्हणून दारू सारखी, असंही नाही. एका दुसऱ्या कंपनीने नंतर ४८३१ याच आकड्याने विकलेली दारू अधिक वेगाने जळणारी होती.

म्हणूनच 'लष्कराची आहे, म्हणजे उत्तमच' ही समजूत मला घातक वाटते. लष्करी कारखाना प्रत्येक खेपेचा दाब मोजून काडतुसात किती दारू भरायची ते ठरवतो. त्यामुळे दोन खेपांत फरक असला तरी तिथे तो चालतो. घरी बसून भरणाऱ्याकडे दाब मोजायचं साधन नसतं. (आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हाच आहे.)

शिलकी माल स्वस्त असतो त्याला वयाचंही कारण आहे. नायट्रोसेल्युलोज पडल्या पडल्या हळूहळू विघटित होतं. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात आणि तीच पुढचं विघटन भराभर घडवतात. दारूत डायफिनाइलअमाइन नावाचं रसायन घातलं की ते ही ऑक्साइडं पकडून ठेवतं. पण ते संपलं की आंबूस वास येतो, तांबूस धूर दिसतो, ढीग आतून तापतो. तुलाँ बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबर्ते' या फ्रेंच युद्धनौका अशाच बिघडलेल्या दारूने उडाल्या. शेकडो माणसं गेली. २०१२ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कँप मिंडेन इथे एका स्फोटानंतर तपास झाला, तेव्हा १.५ कोटी पौंडांच्या आसपास तोफांची जुनी दारू निष्काळजीपणे साठवलेली सापडली. ती विकण्याजोगी राहिली नव्हती. अखेर बंदिस्त भट्टीत, थोडी थोडी करून ती जाळावी लागली आणि ते काम २०१७ सालापर्यंत चाललं.