आयसीयूतल्या सिस्टर खरंच दगडाच्या काळजाच्या असतात का?

'आयसीयूत राहून राहून सिस्टरचं मन मरतं, त्या पेशंटकडे नाही, मॉनिटरकडे बघतात.' हे वाक्य नातेवाइकांच्या बाकड्यावर वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटचं काम बघा: तासातासाला लघवीची नोंद, नळीतला कफ ओढणं, तोंडाची स्वच्छता, दर दोन तासांनी कूस बदलणं (एकटीने होत नाही, दुसरीला हाक मारावी लागते), सिरिंज पंपातलं (हळूहळू, सतत औषध सोडणाऱ्या यंत्रातलं) रक्तदाबाचं औषध संपण्याआधी दुसरी सिरिंज तयार ठेवणं. असे तीन पेशंट एकाच सिस्टरकडे आले, वर मावशी-वॉर्डबॉय नाहीत, तर काय राहून जाईल? औषध नाही, ते चुकवता येतच नाही. राहतं ते बोलणं. 'काका, कूस बदलतेय हं' एवढंसुद्धा.

इंग्लंडमधल्या सर्वसाधारण वॉर्डांतल्या नर्सेसची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. कामाच्या रेट्यात सर्वांत जास्त वेळा सुटलेली गोष्ट हीच होती, पेशंटशी बोलणं आणि त्याला धीर देणं. जिथे एका नर्समागे पेशंट कमी, तिथे कामंही कमी सुटत होती. याला स्वभावाचा दोष कसा म्हणायचा?

कॅलिफोर्नियाने १९९९ साली यासाठी कायदाच केला. तिथे आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. आपल्याकडे मात्र 'सेवाभाव' शिकवणारी व्याख्यानं ठेवतात, तीही बहुधा नाईट ड्युटी उतरल्यावर.