बाल न्याय मंडळ

बाल न्याय मंडळ हे अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आल्यास चौकशी करून आदेश देणारे वैधानिक मंडळ आहे. भारतात ते सध्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 या कायद्यानुसार चालते. त्यात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि कार्यकर्त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते आणि काही ठरावीक अपवाद सोडल्यास अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन द्यावा लागतो. दोष सिद्ध झाल्यावर मंडळ समज देऊन घरी पाठवण्यापासून विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात, जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवण्यापर्यंतचे आदेश देऊ शकते.

मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा 1924 मध्ये झाला व 1927 मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने त्याखालील संस्था चालवल्या. तिचे मुंबईतील उमरखाडीचे निरीक्षणगृह (चौकशी चालू असताना मुलांना ठेवण्याची जागा), म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘डोंगरीचे रिमांड होम’, टिळक व आगरकर यांनी 1882 मध्ये 101 दिवस काढले त्या जुन्या डोंगरी तुरुंगाच्या वास्तूत आहे. सुधारणेचे काम तुरुंगाच्या भिंतींआड सुरू झाले, ही विसंगती पुढेही या व्यवस्थेची पाठ सोडत नाही. 1986 च्या केंद्रीय कायद्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा 16, मुलींसाठी 18 होती. 2000 च्या कायद्याने ती दोघांसाठी 18 केली.

डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अठराच्या आतील निघाल्याने ही मर्यादा खाली आणण्याची मागणी जोर धरू लागली. या प्रकरणानंतर फौजदारी कायद्यातील बदल सुचवण्यासाठी सरकारने नेमलेल्या न्या. वर्मा समितीने ती स्पष्टपणे नाकारली होती, तरी 2015 च्या कायद्याने मधला मार्ग काढला: किमान शिक्षा सात वर्षे वा अधिक असलेल्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप 16 ते 18 वयोगटातील मुलावर असल्यास, त्याची शारीरिक व मानसिक कुवत, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करून मंडळ त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे (सत्र न्यायालयाच्या पातळीवरील न्यायालय) पाठवू शकते. कायदा म्हणतो की हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे. पण पुरावा तपासण्याआधीच ‘ज्या परिस्थितीत गुन्हा केला’ ती पाहायची, म्हणजे मुलाने तो केला हे जवळजवळ धरूनच चालायचे, हा त्यातला मूळ दोष आहे. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरवले. त्याआधी 2020 मध्ये, किमान शिक्षा नेमून न दिलेला गुन्हा निर्घृण ठरत नाही, हेही त्याने स्पष्ट केले होते.

मे 2024 मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. सतरा वर्षांच्या चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याच दिवशी जामीन मिळाला, तेव्हा संतापाची लाट उसळली व काही दिवसांतच मंडळाने त्याला निरीक्षणगृहात धाडले. जामीन रद्द न करता केलेली ही रवानगी मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये बेकायदा ठरवली. प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची विनंती मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. निबंधाची अट हास्यास्पद होती हे खरे, परंतु लोकक्षोभापुढे आपलाच आदेश वाकवणे हे मंडळाचे अधिक गंभीर अपयश म्हणावे लागेल.

वयाचा प्रश्न याहून किचकट आहे. गुन्ह्याच्या दिवशी असलेले वय धरले जाते आणि अल्पवयाचा दावा निकाल अंतिम झाल्यानंतरही करता येतो. पुण्यातील 1994 च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेल्या एका कैद्याचे वय त्या वेळी साडेबारा वर्षे होते, हे राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये त्याची सुटका केली. तोवर 28 हून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. कायद्यानुसार आधी शाळेचा दाखला वा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी ग्राह्य धरतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड वा वीटभट्टी मजुरांच्या मुलांकडे बऱ्याचदा एकही कागद नसतो. मग भिस्त हाडांच्या तपासणीवर येते, जिच्यात एक-दोन वर्षांची चूकभूल गृहीतच धरावी लागते.